पहिली दहा मिनिटं डोक्यातून का जात नाहीत?

रात्रपाळी

निकोलस विंडिंग रेफनचा ‘ड्राइव्ह’ (२०११) परवा तिसऱ्यांदा पाहिला. खरं तर पूर्ण बघायचा नव्हताच. सुरुवात तेवढी बघू आणि झोपू म्हणून लावला आणि शेवटपर्यंत बसून राहिले. मग लक्षात आलं, की मधल्या कथेतले कितीतरी दुवे मी विसरले होते. पैसे नेमके कुणाचे, कोण कुणाला फसवतंय, हे सगळं पुन्हा नव्याने जुळवावं लागलं. सुरुवात मात्र घडी न मोडलेल्या कपड्यासारखी जशीच्या तशी आठवत होती. असं का होतं, यावर बोलायला हा धागा काढतेय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढची कथा फोडत नाही, फक्त सुरुवात.

लॉस एंजेलिसमधली रात्र. एक माणूस खिडकीशी उभा राहून फोनवर आपल्या अटी सांगतोय. जागा आणि वेळ तुम्ही द्यायची, मी पाच मिनिटं थांबणार, त्या पाच मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे तुमचं तुम्ही बघा. तो स्वतः चोरी करत नाही, चोरांना घेऊन निसटतो. गॅरेजमध्ये त्याला जी गाडी मिळते ती कुणी वळून बघणार नाही अशी, रस्त्यावर चिकार दिसणारी चंदेरी इम्पाला. ठरलेल्या जागी पोचल्यावर तो घड्याळ स्टिअरिंगला अडकवतो. एकीकडे पोलिसांचा वायरलेस, दुसरीकडे रेडिओवर बास्केटबॉलच्या सामन्याचं समालोचन. दोन चोर आत जातात. एक परत येऊन मागच्या सीटवर बसतो. दुसरा येत नाही. आपण त्या घड्याळाकडे बघतोय, मागे एकच ठोका सारखा वाजतोय, आणि गाडी चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

नंतरचा पाठलाग तर पाठलागाच्या उलटाच आहे. तो दिवे बंद करून थांबतो, पुलाच्या आडोशाला जातो, सिग्नलला पोलिसांची गाडी समोर असताना गप्प बसतो. वेग येतो तो क्षणभर, नाइलाज झाल्यावर. आणि कॅमेरा बहुतेक वेळ गाडीच्या आतच. शेवटी तो एका मोठ्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शिरतो, नेमका सामना सुटतो तेव्हाच. डोक्यावर टोपी चढवतो आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीत मिसळून जातो. त्याच क्षणी कळतं, की इतका वेळ तो ते समालोचन का ऐकत होता.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी इथे अक्षरशः खुर्चीत पुढे सरकले होते. ते समालोचन मीही ऐकत होतेच की! माझ्या कानावर सगळं पडलं होतं, फक्त ते कशासाठी आहे हे मला कळलं नव्हतं. माझं मत असं, की सुरुवात लक्षात राहते ती तिने मला कामाला लावलं म्हणून. नुसती देखणी आहे म्हणून नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या मनात घर करून बसलेली सुरुवात कुठली?

तिसरी_घंटा

धागा आवडला. कामाला लावण्याच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी आवाजाच्या बाजूने लिहितो, कारण माझी पोटापाण्याची कामं त्याच क्षेत्रातली आहेत.

सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८). ओसाड रेल्वे स्टेशनवर तीन बंदूकधारी गाडीची वाट बघतायत. बस, एवढंच. हे वाट बघणं दहा मिनिटांहून जास्त चालतं, त्यातच श्रेयनामावली येऊन जाते आणि संवाद जवळजवळ नाहीतच. एन्नियो मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असताना इथे संगीत नाही. आहेत ते आवाज. पवनचक्की करकरतेय. तारयंत्र टकटक करतंय, तर एकजण त्याची तारच उपटून टाकतो. दुसऱ्याच्या डोक्यावर छतातून पाण्याचा थेंब पडतो. तो जागचा हलत नाही, टोपी चढवतो. मग थेंब टोपीवर पडू लागतो, टप्, टप्, आणि आवाज बदलतो. आधी कातडीवरचा, आता टोपीच्या कापडावरचा. हळूहळू टोपीच्या कडेत पाणी साचतं. ते तो नंतर पिऊन टाकतो.

ज्याने तार उपटली त्याच्या तोंडावर माशी बसते. तो तिला फुंकरीने, ओठ वाकडे करून हाकलायला बघतो, शेवटी भिंतीशी बंदुकीच्या नळीत पकडतो आणि नळीचं तोंड बोटाने बंद करून आतली गुणगुण ऐकत बसतो. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान दिसतं ते मी विसरू शकत नाही. माणूस मारायला आलेला आहे आणि माशी पकडल्याचा आनंद होतोय.

यातली खरी करामत अशी, की दहा मिनिटं असे बारीक आवाज ऐकल्यावर आपले कान धारदार होतात. गाडी येते, कुणी उतरलेलं दिसत नाही, गाडी निघून जाते. आणि रुळांच्या पलीकडून माउथ ऑर्गनचे सूर येतात. चित्रपटातलं पहिलं संगीत, आणि तेही पात्राने वाजवलेलं. आधी ऑर्केस्ट्रा वाजून गेला असता तर त्या सुरांना काय किंमत राहिली असती? गवई पहिला षड्ज लावण्याआधी सभा शांत व्हावी लागते, तसं लिओनेने आधी आपल्याला शांत केलं.

अर्धविराम

मी थोडा विरोधी सूर लावतो. मला कारण इतकं खोल वाटत नाही. सुरुवातीला आपण ताजे असतो. दिवे नुकतेच गेलेले असतात, फोन खिशात गेलेला असतो, पात्रांची नावं-नाती लक्षात ठेवायचं ओझं अजून नसतं. त्यामुळे जे दिसेल ते ठसतं. शाळेचा पहिला दिवस आठवतो आणि एकशे बारावा आठवत नाही, तसंच हे.

शिवाय चकचकीत सुरुवातीबद्दल मला मुळातच शंका असते. संथ गतीत चालणारी माणसं, निऑनचे दिवे, ओला रस्ता, वर झकास गाणं. अशा सुरुवाती मी ढिगाने पाहिल्यात आणि त्या पाहताना छानच वाटतात.

रात्रपाळी

@अर्धविराम, पण त्या ढिगातल्या किती आठवतात? ताजेपणा तर प्रत्येक चित्रपटाला फुकट मिळतो. तरी मोजक्याच सुरुवाती टिकतात. म्हणजे ताजेपणा ही जमीन झाली. तिच्यात काय पेरलं हा प्रश्न उरतोच.

अर्धविराम

मान्य. आठवू गेलो तर त्या सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्यात. ओला रस्ता कुठल्या चित्रपटातला, हेही सांगता येणार नाही. विचार करून पुन्हा लिहितो.

मंद्रसप्तक

सुरुवातीचा परिणाम कशाने होतो हे तपासायचं असेल तर एकच सुरुवात दोन प्रकारे बघायला मिळाली पाहिजे, आणि सुदैवाने अशी एक आहे.

ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ इव्हिल’ (१९५८). पहिल्याच चित्रात कुणाचे तरी हात बॉम्बचा टायमर फिरवतात. तो बॉम्ब एका गाडीच्या डिकीत ठेवला जातो, एक जोडपं गाडीत बसतं आणि गाडी अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या गावातून निघते. कॅमेरा क्रेनवर. तो इमारतींच्या वरून जातो, खाली उतरतो, गाडीच्या पुढे राहतो, मग चालत निघालेल्या नवविवाहित नवरा-बायकोला धरतो. गाडी चौकटीत येते, मागे पडते, पुन्हा येते. तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. बॉम्ब कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे, त्या रस्त्यावरच्या कुणालाच माहीत नाही.

स्टुडिओने या अख्ख्या शॉटवर श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मॅन्चिनीचं पार्श्वसंगीत लावलं. संगीत उत्तमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वेल्सने स्टुडिओची आवृत्ती पाहून ५८ पानांचं टिपण लिहिलं होतं, आणि ते हाताशी धरून १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्चने चित्रपट पुन्हा संकलित केला. त्यात सुरुवातीच्या शॉटवरची नावं गेली. पार्श्वसंगीतही गेलं. त्याऐवजी रस्त्यावरच्या प्रत्येक दारातून वेगवेगळं संगीत बाहेर येतं आणि गाडीचा रेडिओ वाजत राहतो.

मी दोन्ही आवृत्त्या एका बैठकीत लागोपाठ पाहिल्या. पहिल्या आवृत्तीत मी नावं वाचत होतो आणि संगीत मला सांगत होतं की आता धास्तावायचं आहे. दुसरीत मला कुणी काही सांगत नव्हतं. गाडी चौकटीबाहेर गेली की मी तिचा रेडिओ शोधत होतो. तो जवळ आला की पोटात गोळा यायचा, लांब गेला की सुटल्यासारखं वाटायचं. शॉट तोच, कॅमेऱ्याची चाल तीच, नट तेच. फरक एवढाच, की दुसऱ्या खेपेला बॉम्बचा माग ठेवायची जबाबदारी माझ्यावर पडली.

@रात्रपाळी यांच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

कडेलोट

वा! १९९८ ची आवृत्ती मिळवून बघतो. वाचनखूण साठवली आहे.

छायाप्रकाश

श्रेयनामावलीचा विषय निघालाच आहे तर तिच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं. नावं म्हणजे दरवेळी अडथळाच असतो असं नाही. एके काळी मात्र ती खरोखर तशीच मानली जात. पडदा सरकायच्या आत नावं उरकून टाकायची पद्धत होती. टायटल्स रचणाऱ्या सॉल बासने ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी (१९५५) कागद कापल्यासारखा वाकडातिकडा हात आणि पांढऱ्या पट्ट्या नाचवल्या, तेव्हा रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी सूचना होती, की टायटल्सच्या आधी पडदा उघडा. म्हणजे टायटल्स हा चित्रपटाचाच भाग आहे, हे डब्यावर लिहून सांगावं लागलं!

आणि ‘सेव्हन’ (१९९५). काइल कूपरने केलेली ती टायटल्स. ओरखडून काढलेली, थरथरणारी अक्षरं, वह्यांत बारीक अक्षरात गच्च लिहिणारे हात, सुईदोऱ्याने शिवलेली पानं, ब्लेडने बोटांची कातडी सोलणं. दोन-अडीच मिनिटं आपण त्या खुन्याच्या खोलीत असतो. चेहरा दिसत नाही. चित्रपटात तो समोर यायला फार वेळ लागतो, आणि ज्या नटाने ते काम केलं त्याचं नाव सुरुवातीच्या यादीत मुद्दाम ठेवलेलं नाही. मधला सगळा वेळ पोलीस रिकाम्या खोल्यांतून फिरतात, पण आपल्याला तो माणूस असल्याचं सतत जाणवतं, कारण त्याचे हात आपण पाहिलेले आहेत. इथे टायटल्स काढून टाकली तर कथेतलं एक पात्रच काढून टाकल्यासारखं होईल.

‘ड्राइव्ह’ आवडणाऱ्यांनी फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिलचा ‘ल सामुराई’ (१९६७) पाहिला नसेल तर जरूर पाहा. घराणं तेच. करड्या रंगाची खोली, दोन खिडक्या, मधे पिंजऱ्यात एक पक्षी. आपल्याला वाटतं खोलीत कुणी नाही. मग उजव्या कोपऱ्यातून सिगारेटचा धूर वर जाताना दिसतो आणि कळतं, पलंगावर माणूस पडलेला आहे. नट आलाँ देलाँ. आवाज फक्त पाखराचा आणि बाहेरच्या रस्त्याचा. पडद्यावर सामुराईच्या एकाकीपणाबद्दलचं एक वचन येतं, ‘बुशिदो’ ग्रंथातलं म्हणून. ते मेलव्हिलने स्वतःच लिहिलेलं आहे.

रंगीत चित्रपट असून रंग जवळजवळ पुसून टाकलेत. त्या खोलीतल्या वस्तूंची लेबलंसुद्धा मूळ रंगात राहू दिली नव्हती. मग हा माणूस उठतो, आरशासमोर टोपी घालतो आणि टोपीच्या काठावरून दोन बोटं फिरवतो. खाली येऊन दुसऱ्याच्या गाडीत बसतो. खिशातून किल्ल्यांचा भला मोठा जुडगा काढतो आणि एकेक किल्ली लावून बघतो. नाही लागली की पुढची. नजर सरळ समोर, काचेवर पाऊस.  पहिला संवाद यायला दहाएक मिनिटं लागतात, आणि तोवर हा कसा माणूस आहे हे मला पूर्ण कळलेलं असतं.

शैली म्हणतात ती मला त्या किल्ल्यांमध्ये दिसते. करड्या भिंतीत, टोपीत, आणि न घाई करण्यात एकच स्वभाव आहे. @अर्धविराम म्हणतात त्या निऑनवाल्या सुरुवातींत निऑन कुणाच्याच स्वभावातून आलेला नसतो, म्हणून त्या एकमेकींत मिसळतात.

अर्धविराम

हे शेवटचं पटलं. मी उगाच शैलीलाच दोष देत होतो.

निळी_छत्री

इथे आतापर्यंत बंदुका, बॉम्ब, चोर आणि खुनी एवढेच आले. मला ‘चारुलता’बद्दल (१९६४) लिहायचंय. देखणी सुरुवात म्हटलं की मला सत्यजित राय यांची हीच आठवते, आणि इथे धोका असा काहीच नाही. दुपार आहे आणि एक बाई एकटी आहे.

नावं येतात तेव्हा चारूचे हात रुमालावर ‘B’ हे इंग्रजी अक्षर भरतायत. नवऱ्याच्या नावाचं, भूपतीचं. भरतकाम संपतं. मग ती उठते. नोकराला हाक मारते, पुस्तकांच्या कपाटाशी जाऊन गुणगुणत बंकिमचंद्रांचं पुस्तक शोधते. बाहेरून माकडवाल्याच्या डमरूचा आवाज येतो. ती धावत जाऊन दुर्बीण घेऊन येते, दांडीची, डोळ्यांना लावायची ती, आणि खिडकीच्या झडपा वर करून बघते. रस्त्यावरची माणसं पुढे सरकतात तशी ती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत पळते. छत्रीवाला एक लठ्ठ माणूस तर तिने तीन खिडक्यांतून पाहिला असेल. चारू झालेल्या माधवी मुखर्जींच्या चालण्यात तिथे लहान मुलीची लगबग आहे.

आणि मग भूपती येतो. घरातल्या घरात, पुस्तकात डोकं घालून. तिच्या अंगावरून गेल्यासारखा जातो, परत येतो, तरी त्याला ती दिसत नाही. ती काय करते? दुर्बीण डोळ्यांना लावते आणि स्वतःच्या नवऱ्याला त्यातून बघते. तो पलीकडे जातो. दुर्बिणीचा हात हळूच खाली येतो आणि त्याबरोबर कॅमेरा झटक्यात मागे जातो.

सहा-सात मिनिटांत जवळजवळ एकही वाक्य नाही, आणि या लग्नाबद्दल जे कळायचं ते सगळं कळलेलं आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. तेव्हा मला त्या खिडक्यांमधली धावपळ फार आवडली होती. अलीकडे पुन्हा पाहिला तेव्हा त्या खाली येणाऱ्या हातापाशी मला थांबवावा लागला. थोडा वेळ पुढे बघवेना.

@तिसरी_घंटा, तुमच्या माशीसारखंच इथेही आहे ना? करायला काही नसलेलं माणूस काय करतं, एवढंच दोघांनी दाखवलं.

तिसरी_घंटा

अगदी. आणि ‘चारुलता’त बाहेरचे आवाज इतके आहेत, की घरातली शांतता त्यामुळेच ऐकू येते. डमरू रस्त्यावर आहे म्हणून खोली रिकामी वाटते. हे मी माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलांना नेहमी दाखवतो.

कडेलोट

‘शोले’चं (१९७५) नाव कुणी घेतलं नाही अजून. गाडी स्टेशनवर येते, जेलर उतरतो आणि टायटल्सभर दोन घोडेस्वार माळरान, खडक, वस्ती ओलांडत जातात, वर आर. डी. बर्मन. लहानपणी मला वाटायचं कधी एकदा हे संपतंय. आता कळतं, की नंतर डाकू येतात तेव्हा ते कुठून येतात, मधे किती उजाड आहे, हे मला न सांगता माहीत होतं. गाव किती दूर आहे हे त्या घोड्यांनी मोजून दिलं होतं.

अर्धविराम

विचार करून परत आलोय. ताजेपणाचा माझा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही, पण तो उलटा करून मांडतो. सुरुवातीला आपण सगळ्यात जास्त सहन करायला तयार असतो. थेंब टोपीवर दहा मिनिटं पडतोय, किल्ली लागत नाहीये, चोर परत येत नाहीये. हेच सत्तराव्या मिनिटाला केलं तर लोक चुळबुळ करतील. पहिल्या दहा मिनिटांत दिग्दर्शकाला आपला धीर उसना मिळतो. बहुतेकजण तो वापरतच नाहीत, घाबरतात आणि धडाधड काहीतरी घडवतात. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेल्या सुरुवाती बघा, ‘सेव्हन’ सोडला तर प्रत्येकीत वाट बघणं आहे.

एक जुनी सल सांगतो. एका चित्रपटगृहात सुरुवातीची दहा मिनिटं हॉलमधले दिवे पूर्ण घालवलेच नाहीत, उशिरा येणाऱ्यांना जागा दिसाव्यात म्हणून. समोर फक्त एक माणूस अंधारात बसलेला होता आणि पडद्यावर आम्हाला एक्झिटच्या पाटीचं प्रतिबिंब दिसत होतं. मी बाहेर जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं, अजून पिक्चर सुरू कुठे झालाय. तो चित्रपट मला शेवटपर्यंत भिडलाच नाही. आज हा धागा वाचताना त्याचं कारण कळलं.

छायाप्रकाश

@अर्धविराम, वाचून वाईट वाटलं. तो चित्रपट पुन्हा बघा. घरी, अंधार करून.

मंद्रसप्तक

@रात्रपाळी, एक विनंती. ‘ड्राइव्ह’ची सुरुवात एकदा आवाज बंद करून बघा, आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसती ऐका. ‘टच ऑफ इव्हिल’वर मी हे केलं होतं. कळवा काय होतं ते.

रात्रपाळी

@मंद्रसप्तक, काल रात्री केलं.

आवाज बंद करून बघितलं तेव्हा तो माणूस मला बराच बेदरकार वाटला. नुसता बसलेला दिसतो. हाताची बोटं स्टिअरिंगवर, कातडी हातमोजे, काचेवरून सरकणारे दिवे. देखणं आहे, पण दुसरा चोर उशिरा आला तेव्हा मला काहीच झालं नाही. थांबण्याचा काळ चक्क छोटा वाटला.

मग पाठ करून ऐकलं. मागचा ठोका, वायरलेसवरचे तुटक आवाज, समालोचक, मधे इंजिन. आणि एक गोष्ट इतक्या वेळा बघूनही माझ्या लक्षात आली नव्हती. तो जवळजवळ काहीच बोलत नाही. मागच्या दोघांचे श्वास, हालचाल, घाबरणं सगळं कळतं, याचं मात्र काही नाही. पाठ करून बसल्यावर तो गाडीत आहे की नाही याचीच शंका यायला लागली. शेवटी दार उघडल्याचा आवाज आला, गर्दीचा गोंगाट वाढला, आणि मी न राहवून वळून बघितलं, तर तो टोपी घालून माणसांमधून चालत निघालेला होता.